पत्ते बघून नव्हे, जागा बघून

आपल्या घरांत पत्त्यांचे दिवस ठरलेले असतात. गणपतीचे जागरण, लग्नघरातली रात्र, उन्हाळ्याच्या सुट्टीतले आजोळ. झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन, लाडीस, रमी ही सगळी त्या दिवसांची मंडळी. पैसे लावून तीन पत्ती सुरू झाली, की मात्र वडीलधारी माणसे खाकरायला लागतात. पोकर हे नाव तर आपल्याकडे अलीकडेच शिरले. आधी मोबाइलमधून, आणि मग चोर्ला घाट उतरून पणजीकडे जाणाऱ्या शनिवारच्या गाड्यांमधून.

आमच्याकडे ते माझ्या भाच्यामुळे आले. वय सत्तावीस, बेंगळुरात संगणकाची चांगली नोकरी. मांडवी नदीतल्या जहाजावर जाऊन तो चार वेळा पोकर खेळून आला आणि चारही खेपांचा हिशोब मिळून ६२ हजार रुपये फायद्यात राहिला. गेल्या दिवाळीत घरी आला, तो नोकरी सोडायची आणि वर्षभर हाच खेळ करून बघायचा, असे मनात धरूनच. माझी धाकटी बहीण हादरली. मला म्हणाली, "दादा, तू आयुष्यभर पोरांना गणित शिकवलंस. तूच बघ आणि सांग, ही विद्या आहे की नाद?"

मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच म्हटले, "मला आधी शिकव." चिप्स नव्हत्या, म्हणून बहिणीने चिंचोक्यांचा डबा काढला. आठ दिवस रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच जण सतरंजीवर बसलो. त्या आठ दिवसांत जे समजले, ते ज्यांच्या घरात असा एखादा तरुण आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे.

खेळ कसा असतो

प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग मध्यभागी पाच पाने उघडी पडतात. आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक. ही पाच सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि ही पाच यांतून उत्तम पाच पाने जुळवायची. बोली चार वेळा होते. पहिली मधली पाने उघडण्याआधी, आणि मग प्रत्येक उघडणीनंतर एकेकदा.

तीन पत्तीत सगळे सुरुवातीला बूट भरतात. इथे दोघांनीच भरायचे. एकाने अर्धे, त्याला स्मॉल ब्लाइंड म्हणतात. त्याच्या डावीकडच्याने पूर्ण, तो बिग ब्लाइंड. आमच्याकडे एक आणि दोन चिंचोके असा भाव होता. या दोघांच्या आधी जो बसतो त्याच्यासमोर एक चकती असते, तिला बटन म्हणतात. दर डावाला चकती एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे प्रत्येक जागा आळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येते.

पहिल्या बोलीत बिग ब्लाइंडच्या डावीकडचा सर्वांत आधी बोलतो. इंग्रजीत या जागेला 'अंडर द गन' म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या तोंडी बसलेला. नाव अगदी चपखल आहे, कारण नऊ जणांच्या टेबलावर त्याच्यामागे आठ माणसे बोलायची राहिलेली असतात. उलट, मधली पाने उघडल्यावरच्या तिन्ही बोलींत बटनवाला शेवटी बोलतो. सगळ्यांनी काय केले ते बघून तो ठरवतो. जागेला एवढे महत्त्व आहे ते याचमुळे.

आणि 'नो-लिमिट' म्हणजे काय? तीन पत्तीत चाल मागच्या चालीच्या ठरावीक पटीतच करावी लागते. इथे वरची मर्यादा नाही. समोरची सगळी रास एका बोलीत लोटता येते. त्यामुळे खेळायचे की टाकायचे, या प्रश्नाच्या बरोबरीने 'किती लावायचे' हाही प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. भाच्याची अडचण इथेच होती.

बहिणीने पाने ओळखली

भाचा म्हणायचा, "मामा, चांगली पाने आली की जास्त लावायचं, बेताची आली की कमी. साधी गोष्ट आहे." ऐकायला पटते. एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली की तो बारा चिंचोके ठेवी. एक्का-गुलामसारखे काही असले की पाच किंवा सहा. बटनावर बसून साधी पाने घेऊन ब्लाइंड उचलायचे असले की चार.

तिसऱ्या संध्याकाळी माझी बहीण, जिने जन्मात पोकर पाहिला नव्हता, आपली पाने खाली ठेवत म्हणाली, "तू बारा ठेवलेस की तुझ्याकडे मोठी जोडी असतेच. मी कशाला येऊ?" मग त्याने चार ठेवले, तेव्हा हिने चौदा ठेवले आणि त्याला पाने टाकायला लावली. भाचा माझ्याकडे बघतच राहिला.

त्याने वेगळा मार्गही सुचवला. "तिथले लोक बघतच नाहीत, मामा. सुट्टीला आलेले असतात, गप्पा मारतात." ते खरेही असेल. न बघणाऱ्यासमोर मोठ्या पानांवर मोठी रक्कम लावली तर ती वसूल होते. पण त्याच टेबलावर रोज येणारे दोन-तीन जण असतातच, आणि बघणे हेच त्यांचे काम. घरातल्या बाईला तिसऱ्या दिवशी कळले, ते त्यांना पहिल्या तासात कळेल.

मग रक्कम ठरवायची कशावरून? जागेवरून. आपण कुठे बसलो आहोत ते सगळ्यांना दिसतेच. त्यामुळे रक्कम जागेला बांधली, की तिच्यातून नवीन काहीही बाहेर पडत नाही. बंदुकीच्या तोंडी बसून सहा ठेवायचे ठरवले, तर एक्क्यांच्या जोडीलाही सहा आणि एक्का-राणीलाही सहा. पाने टाकायची की खेळायची एवढेच पाने बघून ठरवायचे. किती लावायचे, ते पाने उचलण्याआधीच ठरलेले असते.

जागेचे गणित

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांतली सर्वांत जड पाने मोजू. दश्शीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचा, म्हणजे दोघेही इस्पिक किंवा दोघेही बदाम असा, एक्का-गुलाम. हे सगळे मिळून ६६ प्रकार होतात. म्हणजे शंभरात पाच.

आता बंदुकीच्या तोंडी बसलेल्याच्या मागे आठ जण आहेत. त्यांतल्या एकाकडे तरी अशी जड पाने असण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात ३४. बटनावर बसलेल्याच्या मागे दोघेच, दोन ब्लाइंडवाले. तिथे हीच शक्यता शंभरात १० च्या आत-बाहेर. पाने तीच, धोका तिप्पट. म्हणून जाणकार पहिल्या जागेवरून शंभरातले दहा-बारा हातच खेळतात, आणि सगळ्यांनी पाने टाकून डाव बटनापर्यंत आला तर चाळीसच्या आसपास खेळतात.

आता रकमेकडे येऊ. मध्ये एक अधिक दोन असे तीन चिंचोके पडलेले आहेत. सहा ठेवून ते उचलायचे, तर समोरच्यांनी नऊपैकी सहा वेळा पाने टाकली पाहिजेत, म्हणजे शंभरात ६७ वेळा. पाच ठेवले तर ६२-६३ वेळा पुरते, चार ठेवले तर ५७ वेळा. बटनावरून आपण हलकी पानेही खेळतो, कोणी उलटून मोठी बोली केली की ती टाकावी लागतात. तिथे थोडक्यात काम भागत असेल तर जास्त पणाला कशाला लावायचे?

पण थोडक्याचीही किंमत मोजावी लागते. बटनावरून चार ठेवले आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, तर बिग ब्लाइंडला आणखी दोन टाकून नऊ चिंचोक्यांच्या राशीत उतरता येते. शंभरात २२ वेळा जिंकला तरी त्याला परवडते. सहा ठेवले तर त्याला चार टाकावे लागतात आणि रास तेराची होते. आता त्याला ३१ वेळा जिंकावे लागेल. म्हणजे आपण ठेवतो ती रक्कम ही समोरच्याला लावलेली तिकिटाची किंमत असते. बटनावर शेवटी बोलायचा फायदा आपल्याकडे असतो, म्हणून तिकीट स्वस्त ठेवले तरी चालते.

स्मॉल ब्लाइंडचे उलटे आहे. त्याच्यामागे एकच माणूस आहे, हे खरे. पण मधली पाने उघडल्यावर हाच आधी बोलणार आणि तो एक माणूस याचे बघून ठरवणार. शिवाय त्याचे दोन चिंचोके आधीच मध्ये आहेत. तिथे तिकीट महागच हवे.

पहिल्या जागांबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. एक म्हणते, इथून आपण जड पानेच खेळतो, मागे आठ जण आहेत, तेव्हा तिकीट महाग ठेवा म्हणजे गर्दी होणार नाही. दुसरे म्हणते, इथून बोली आली की लोक तशीही दबकतात, आणि मागून कोणी उलटून आला तर कमी जावे, म्हणून कमीच ठेवा. दोन्हींत तथ्य आहे. टेबलावरची माणसे सहज आत येणारी असली तर पहिले मत बरे, दबकून खेळणारी असली तर दुसरे.

भाच्याने शेवटी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आपले आकडे लिहिले. पहिल्या तीन जागांवरून बिग ब्लाइंडच्या तिप्पट. मधल्या दोन जागा आणि बटनाच्या आधीची जागा, अडीचपट. बटनावरून दुप्पट ते अडीचपट. स्मॉल ब्लाइंडवरून तिप्पट किंवा थोडे वर. आपल्या आधी कोणी न वाढवता नुसताच बिग ब्लाइंडएवढे टाकून आत आला असेल, तर अशा दर माणसामागे एक बिग ब्लाइंड जास्त. आणि टेबलावरचे सगळेच कशालाही आत येत असतील, तर सगळ्याच जागांचे आकडे एका पायरीने वर न्यायचे. फक्त एक्के आले म्हणून न्यायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर आहे. आपण पहिले आत येत असू तर नुसते बिग ब्लाइंडएवढे टाकून यायचे नाही. वाढवायचे, नाहीतर टाकायचे. हे केवळ जुन्या खेळाडूंचे मत नव्हे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात घडवलेल्या प्लुरिबस नावाच्या संगणक प्रणालीने २०१९ मध्ये सहा जणांच्या नो-लिमिट खेळात व्यावसायिक खेळाडूंना हरवले. ती माणसांचे डाव बघून शिकली नव्हती. स्वतःशीच खेळून शिकली होती. तिनेही नुसते आत येणे सोडूनच दिले. अपवाद एकच, स्मॉल ब्लाइंड.

मग ही विद्या की नाद?

एवढे सगळे समजल्यावर माझे मत काय झाले, असे बहिणीने विचारले. खेळात विद्या आहे. अमेरिकेत १९४४ साली निघालेल्या खेळ-सिद्धांताच्या पायाभूत ग्रंथात, फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी पोकरची चर्चा केली आहे. पण तिचा खरा प्रश्न वेगळा होता. या विद्येवर पोट भरेल का?

म्हणून मी भाच्याची वही मागितली. चार खेपा, प्रत्येक खेपेत दोन दिवस, दिवसाला दहा तास. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. म्हणजे एकूण २,४०० डाव. भाव १०० आणि २०० रुपये, तेव्हा त्याचे ६२ हजार म्हणजे ३१० बिग ब्लाइंड.

या खेळात शंभर डावांमागे साधारण ९० बिग ब्लाइंडची वरखाली होते, असा खेळाडूंचाच अनुभव आहे. २,४०० डावांना ती वरखाली ४४० च्या घरात जाते. याचा अर्थ असा, की जो माणूस दीर्घकाळात ना जिंकतो ना हरतो, त्यालाही एवढ्या डावांत ३१० किंवा जास्तीचा फायदा चारातून एकदा नुसत्या नशिबाने होतो. वहीतले ६२ हजार कौशल्याचे की त्या चारातल्या एका वेळेचे, हे वही सांगू शकत नाही.

आता समजू की तो खरोखरच चांगला आहे, शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड मिळवणारा. ही कमाई अगदी वरच्या रांगेतली नसली तरी चांगली मानतात. तासाला तीस डाव, म्हणजे दीड बिग ब्लाइंड. २०० च्या भावाने तासाला ३०० रुपये. त्यातून गाडीचे भाडे, पणजीची खोली, जेवणखाण आणि कर जायचा. आणि असा चांगला खेळाडूही २,४०० डावांनंतर दहातून चार वेळा तोट्यातच असतो. शिवाय टेबलाचा मालक प्रत्येक राशीतला आपला हिस्सा काढतो. तो विद्या बघत नाही, नशीबही बघत नाही.

भाचा बराच वेळ तो कागद बघत बसला. मग म्हणाला, "मामा, तासाला तीनशे तर मला नोकरीत झोपेतही मिळतात." बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि घराचा हप्ता, बाबांचं औषध, ताईचं लग्न? तुझ्यामागे बोलायचे अजून किती जण बसलेत ते मोज." तिला बंदुकीच्या तोंडीची जागा बरोबर समजली होती.

कायद्याचेही सांगायला हवे, कारण पोरांना ते माहीत असतेच असे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. खेळ कौशल्याचा आहे ही सबब त्यात चालत नाही. गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या, म्हणून पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर कॅसिनो चालतात. तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि खुद्द गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळता येत नाही. महाराष्ट्राने तर कधी अमलातच न आलेला आपला १९७६ चा कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. बडोद्याच्या वाचकांसाठी सांगतो, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारातच धरले आहे.

राजीनाम्याचा विषय सध्या मागे पडला आहे. भाच्याने वर्षाला दोन खेपा आणि एका खेपेला किती रुपये न्यायचे, हा आकडा ठरवून आईकडे लिहून दिला. तो आकडा बेंगळुरात, पगाराची चिठ्ठी समोर ठेवून लिहिलेला आहे. जहाजावर पाने हातात आल्यावर तो वाढत नाही.

ज्यांच्या घरात असा प्रश्न आहे, त्यांना एवढेच सुचवीन. "किती जिंकलास?" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी चांगल्या दिवसाचे असते. पहिल्या दिवसापासूनची वही मागा. डाव किती, तास किती, भाव काय, खर्च किती, ते एका कागदावर मांडा. आणि जमले तर दोन-चार संध्याकाळी त्याच्यासमोर चिंचोके घेऊन बसा. पोरगा किती जाणतो, ते त्याने मोठी रास कधी ठेवली यावरून तुम्हालाही कळेल.